सगळ्यांत मोठं वावधन कोणतं?

वादळाचे किस्से मांडव भाड्याने देणाऱ्या आमच्या बिछायत केंद्रात जेवढे साठत, तेवढे वेधशाळेतही साठत नसतील. मांडव घालायचे लग्नसराईत, आणि नागपूरकडे लग्नसराई म्हणजे भर उन्हाळा. दिवसभर जमीन तापते आणि तिसऱ्या प्रहरी पश्चिमेकडून वावधन, म्हणजे धुळीचं वादळ, सुटतं. बाकीचे लोक ते आठवड्याभरात विसरतात. आमचं काहीतरी उडून गेलेलं असतं, म्हणून आम्ही विसरत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सातवीनंतर शाळा सोडून मी तिथे लागलो होतो. भीमराव मिस्त्री आमचे मुख्य. त्यांचा एकच नियम होता: वारा चढला की विळ्याने दोर कापायचा आणि छताचा कपडा सोडून द्यायचा. कपडा गेला तर वारा निघून जातो. नाही गेला, तर बल्ल्या, म्हणजे मांडवाचे लाकडी खांब, उखडतात आणि खालच्या माणसांच्या डोक्यावर येतात.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेनंतर त्यांच्याच मुलीचं, शीलाचं लग्न ठरलं, उमरेडला, घरासमोर. कनातींच्या ढिगावर बसून ते म्हणाले, "सांगा बरं गा, तुमी पाह्यलेलं सगळ्यात मोठं वावधन कोणतं? त्याच हिशेबानं मांडव बांधतो. जगाचे मांडव बांधणाऱ्याचा घरचाच उडाला, असं सोयऱ्यानं म्हणाले नाही पायजे."

मग एकेक जण सुरू झाला.

* * *

पहिला रहमत. कामठीच्या एका लग्नात तो कोपऱ्याचा दोर धरून उभा होता. वारा आला, कपडा फुगला आणि दोरासकट रहमत वर गेला. खालून भीमराव ओरडत होते, "सोड, सोड." पण दोर सोडायचा नाही, हे केंद्राच्या मालकाने, शेठने, त्याला पहिल्याच दिवशी बजावलेलं. वाऱ्याने त्याला शेजारच्या आवारात कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगावर नेऊन टाकलं. सगळे धावले. मेला असंच वाटलं होतं.

ढिगातून डोकं बाहेर आलं, कानात कुटार.

"मिस्त्री, हा दोर कोणाले देऊ?"

तो सांगताना आम्ही हसलो. भीमराव हसले नाहीत. "आन बल्ल्या? मी तं तुयाकडंच पाहत होतो," ते म्हणाले.

"दोन उपटल्या होत्या."

* * *

धंतोलीत एका डॉक्टरांच्या नव्या दवाखान्याचं उद्घाटन होतं. मांडव गच्चीवर. हा किस्साही रहमतनेच सांगितला, पण ते वावधन मी स्वतःही पाहिलं होतं. छत अख्खंच्या अख्खं उचललं गेलं आणि समोरच्या जुन्या डॉक्टरांच्या दवाखान्यावर जाऊन पसरलं. पाटी, दार, खिडक्या, सगळं झाकलं गेलं. लांबच्या गावांहून आलेले पेशंट समोर उभे राहून विचारत होते, "इथं दवाखाना होता नं?"

आतून जुने डॉक्टर कपडा सारत बाहेर आले. नव्या डॉक्टरांकडे बघत शांतपणे म्हणाले, "उद्घाटन तुमचं, आणि बंद मी?"

"बल्ल्या?" भीमरावांनी विचारलं. बल्ल्या जागेवर होत्या. म्हणजे ते वावधन लहान ठरलं.

* * *

"तू बोल गा," पांडुरंगाने मला ढोसलं. मला चार माणसांत बोलायला जड जातं, तरी सांगितलं.

एका शाळेचा बक्षीस समारंभ होता. पाहुणे कागदावरून भाषण वाचत होते. वारा सुटला, मिस्त्रींनी दोर कापला, कपडा गेला, मुलं वर्गात पळाली, मास्तरही पळाले. पाहुण्यांनी मान वर केलीच नाही. धुळीत एका हाताने कागद दाबून ते वाचत राहिले. शेवटचं वाक्य संपवून त्यांनी वर पाहिलं, तर आभाळ.

मला म्हणाले, "यंदा मांडव नव्हता घातला का?"

* * *

पांडुरंगाचा किस्सा मात्र कोणाला खरा वाटत नव्हता. तो मौद्याकडचा, घरी शेती. तो म्हणायचा, वावधन सगळेच पाहतात, मी सोंड पाहिली आहे. कन्हान नदीच्या वाळूतून आभाळापर्यंत एक काळी सोंड उठली आणि डुलत डुलत लग्नाच्या पंगतीकडे आली. मांडवाची उजवी बाजू बल्ल्यांसकट उचलून घेऊन गेली. वरणाचा गंज, ते भलंमोठं पातेलं, तोही गेला. पांडुरंग जमिनीवर पालथा पडला होता.

"आन डावीकडं पत्रावळ हालली नाही गा. तिकडचे लोक जेवूनच राहिले होते. एक बुढा मले म्हणते, 'झोपला काहून बे? वरण आण.'"

कोणी हसलं नाही. भीमराव कनातींच्या ढिगावरून उठले.

"हेच मोठं," ते म्हणाले. "याच्यासाठी बांधीन."

"मिस्त्री, सोंडेसाठी मांडव नाही, किल्ला बांधा लागन," पांडुरंग म्हणाला.

* * *

त्यांनी किल्लाच बांधला. खड्डे कमरेइतके खोल, दोर दुहेरी. आम्ही सगळे पाहुणे म्हणून उमरेडला गेलो, धुतलेले कपडे घालून.

वर-वधू पांढऱ्या कपड्यांत बसले होते. बौद्धाचार्य पंचशील सांगत होते, मांडव त्यांच्यामागून म्हणत होता. तेवढ्यात पश्चिमेचं आभाळ मातकट झालं. सोंड नव्हती, साधंच वावधन होतं. पण कपडा दुहेरी दोरांनी बांधलेला, वाऱ्याला निघायला जागाच नव्हती. बल्ल्या कण्हू लागल्या.

आम्ही मिस्त्रींकडे पाहिलं. सवयीने विळा त्यांच्या हातात आला होता. पण हात हलत नव्हता.

"टिकते," ते म्हणत होते. "टिकते, टिकते."

"मिस्त्री, कापा," रहमत म्हणाला.

"टिकते गा."

बायका बसल्या होत्या त्या बाजूची बल्ली खड्ड्यातून वीतभर वर आली, खाली आपटली, पुन्हा वर आली. एक बाई लेकराला पोटाशी धरून वाकली.

शीला उठली. गळ्यात हार तसाच. बापाजवळ आली, त्यांच्या मुठीतून विळा काढून घेतला आणि वाऱ्याकडच्या बल्लीशी जाऊन दोन्ही दोर कापले. कपडा फाटल्यासारखा आवाज करत घरांवरून निघून गेला. बल्ल्या उभ्या राहिल्या. सगळीकडे धूळ. सोयरे तोंड उघडं ठेवून बघत होते, नवरदेवसुद्धा.

तिने विळा बापाच्या हातात परत दिला, पदराने तोंड पुसलं आणि जागेवर येऊन बसली. हात जोडले.

"तिसरं शील झालं होतं काका," ती बौद्धाचार्यांना म्हणाली. "चौथं घ्या."