तात्यांच्या दोन याद्या

माणूस फौजेतून रिटायर होतो, किस्से होत नाहीत! आम्ही बारामती-इंदापूरकडचे पंधरा-वीस माजी सैनिक, एकाच बटालियनचे. वर्षातून एकदा कळसला माझ्या डाळिंबाच्या बागेत जमतो. किस्से पोतंभर, आणि त्यातले निम्मे एकट्या वरकुट्याच्या सुभेदार तात्यांचे! मी त्यांचा क्लार्क होतो, अजूनही आहे.

*

तात्या ऐंशीला टेकलेत. तरी मेळाव्याच्या दिवशी दारात उभं राहून एकेकाचा ड्रेस तपासतात. एकदा आमचा भगवान चपलेवर आला.

"बूट कुठं हायत?"

"तात्या, उसाला पाणी देऊन थेट आलोय."

"मग उसालाच सॅल्यूट ठोक जा!"

भगवान आज कारखान्याचा संचालक आहे. गाडी वळवून घरी गेला आणि पॉलिश करून आला!

*

पिंपळीच्या शाळेत तात्यांचा सत्कार होता. गुरुजींनी हौसेनं त्यांची पदकं उजव्या छातीवर लावली. तात्यांनी थेट माइक धरला.

"गुरुजी, आपली पदकं डावीकडं लावायची. उजवीकडं लावायची ती गेलेल्याची, त्याच्या घरच्यांनी. मला आत्ताच पोचवलात व्हय?"

गुरुजींनी घाईघाईत पदकं काढताना बोटाला पिन टोचून घेतली.

*

मेळाव्यात तात्या दोन याद्या वाचतात. पहिली आमची, हयात असलेल्यांची. कोणी आला नसेल तर त्याच्या वतीनं दुसऱ्यानं मोठ्यानं कारण सांगायचं. गेल्या साली शिवा आला नव्हता.

"शिवाकडं जावई आलाय तात्या. मटण शिजतंय!"

"कारण मंजूर! डबा का न्हाय आणला?"

दुसरी यादी गेलेल्यांची. तेव्हा सगळे सावधान. नाव वाचलं की तात्या थोडं थांबतात, उत्तर कोणी देत नाही. दोन्ही याद्या मीच टाइप करतो, पण ही दुसरी करताना हात जड होतो.

*

त्या दुसऱ्या यादीत ज्ञानूचं नाव आहे. तीस वर्षांपूर्वी बर्फातल्या चौकीवरून तो गस्तीला गेला, परतला नाही. काहीच सापडलं नाही. गस्तीवर पाठवणारे तात्याच होते. ज्ञानूची बायको हौसाक्का आजही कुंकू लावते. तिला मेळाव्याला आणायला तात्या दरवर्षी स्वतः जायचे, आणि दरवर्षी एकटेच परत यायचे.

यंदा हौसाक्का आपणहून आली. ठेवणीतलं लुगडं, त्यावर ज्ञानूचं पदक. डाव्या बाजूला!

भगवान आपल्या बुटांकडेच बघत राहिला. दारात तात्या उभे. त्यांनी पदकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"वैनी, चुकून लावलंय का?"

"न्हाय भावजी. नीट इचारून लावलंय."

तात्यांनी टाच जुळवून कडक सॅल्यूट ठोकला. "ड्रेस बरोबर हाय. या आत."

मग माझ्याकडे येऊन त्यांनी पेन मागितलं. दुसऱ्या यादीतली एक ओळ खोडली आणि पहिल्या यादीत खाली काहीतरी लिहिलं.

हजेरी सुरू झाली. "भगवान!" "हजर!" "शिवा!" "हजर!" शेवटी तात्यांचा आवाज चढला.

"नाईक ज्ञानू!"

हौसाक्का उठून उभी राहिली.

"यायचे हायत अजून, भावजी."

"कारण मंजूर," तात्या म्हणाले.