साहेबानं नेलेलं नाव

कामरगावात खाटा विणणारी बाई एकच, अन्वरीबी. नवरा वारला तेव्हा त्याच्या उरलेल्या सुतळीच्या गुंड्या तिनं विकल्या नाहीत, विणायला घेतल्या. पायथ्याची दोरी ताणायचा जोर बाईच्या पायात कुठून येणार, असं लोक म्हणाले होते. त्याला वीस वर्षं झाली. तिची खाट दोन पावसाळ्यांच्या आत कुणी कसायला आणत नाही.

भाजीचा मळा करणाऱ्या बापूरावांनी मुकेशच्या, म्हणजे मुलाच्या लग्नासाठी तिला दोन खाटा सांगितल्या होत्या. एक तयार होती, दुसरी अर्धी झाली होती. त्या सकाळी ते आले आणि दारातच उभे राहिले.

"भाभी, राहू द्या आता. पोरगा रिसोडहून कॉट आणतो म्हणते. खाट पाहून पाहुणे हसतीन."

अन्वरीबीचा हात थांबला. खाट काय, दुसऱ्या कुणी नेली असती. पण तिच्या कामाला लोक हसतात, हे एकदा गावात पसरलं की पुढं कोण येणार होतं?

"कॉट म्हणजे काय असते, भाऊ?"

"इंग्रजी चीज हाय. मोठ्या लोकाईची."

आत दहावीचा अभ्यास करणारी नात नमरा शब्दकोश घेऊनच बाहेर आली. "हे पाहा. कॉट म्हणजे झोपडी."

"मंग मुकेश झोपडी आणून राह्यला काय?" अन्वरीबी म्हणाली. बापूरावही हसले.

"थांब दादी, तो शब्द येगळा. खाली दुसरा हाय, झोपायचा." नमरानं ओळीवर बोट ठेवलं. "हा आपल्या खाटेवरून गेला. इंग्रज इथं आले, खाटेवर झोपले अन् नाव घेऊन गेले. मंग जहाजात टांगायच्या बिछान्यालेबी कॉटच म्हणत."

अन्वरीबीनं तिला तेवढं पुन्हा वाचायला लावलं. इंग्रजीचं एक अक्षर तिला येत नव्हतं, पण ऐकताना ती अशी ताठ बसली होती की जणू पाहुणे तिच्याच घरी उतरले होते.

"नाव नेलं साहेबानं," ती म्हणाली, "पण बापूरावभाऊ, इणणं इथंच राह्यलं. टेका जरा."

तिनं तयार खाट ओढून सावलीत टाकली. बापूराव संकोचून आडवे झाले. पहाटेपासून वांगी तोडून वाकलेली त्यांची पाठ हळूहळू सरळ झाली.

"मुकेशले मी समजावतो," डोळे मिटूनच ते म्हणाले. "दुसरी कधी देता?"

"जुम्म्याले," अन्वरीबी म्हणाली आणि अर्ध्या खाटेशी जाऊन बसली.