खोलीभर कापूस आणि शिकवणीच्या बाई

आमच्या शिकवणीच्या बाईंनी दोन मुलांना एकच धडा एकाच रीतीने कधीही शिकविला नाही. महागावातील इतर शिकवण्यांतून पाठांतराचा एकच गजर चाले. बाईंच्या खोलीत मात्र एक जण फेऱ्या मारीत पाढे म्हणे, तर दुसरा भिंतीकडे तोंड करून कविता वाची, कारण चारचौघांत त्याची बोबडी वळे.

बंजारा तांड्यावरून येणारी शांता मराठीतून गणित ऐकले की गप्प होई. बाई म्हणत, "अगोदर तुया गोरबोलीत सांग. मंग मले शिकव. मी ढ आहो असं समज." शांता खुदकन हसे आणि गणित सोडवी.

मी प्रश्नोत्तरांत कच्चा, परंतु गाऱ्हाणे मांडण्यात पटाईत. बाईंनी हे नेमके हेरले. "उत्तर लिहिता येत नाही ना तुले? मंग अर्ज लिही." बाष्पीभवन मी असे शिकलो: अर्जदार पाणी, राहणार मडके, वाफ होऊन बाहेर जाण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. आज तहसील कचेरीसमोर लोकांचे अर्ज लिहिणाऱ्या माझ्या लेखणीचा जो दबदबा आहे, त्याचा पाया त्या मडक्यात आहे.

बाई सासर सोडून माहेरी परतल्या होत्या. थोरल्या भावाच्या घरात तेवढी एक खोली त्यांची म्हणायची, तीही शिकवणी चाले म्हणून. ती कापसाचे भाव कोसळल्याची वर्षे. भाव चढेल या आशेने दादांनी कापूस घरातच भरला. आधी कोपरा गेला, मग फळा, मग खिडकी. कापसाजवळ दिवा लावण्यास मनाई होती. अंगाला खाज सुटे. फेऱ्या मारणाऱ्याला फिरायला जागा उरली नाही आणि त्याचे पाढे बंद पडले.

"दादा, पोरायची परीक्षा काय भाव पाहून येते?" बाईंनी एकदा विचारले.

"भाव चढू दे, मंग खोली तुयीच आहे," दादा म्हणाले.

अखेरीस भिंत आणि गंजी यांच्यामध्ये एका माणसापुरती फट राहिली. बाई फटीत उभ्या, आम्ही पाळीपाळीने दारात. "पाहा, आता तं खरंच एकेकाले शिकवून राह्यली मी," असे म्हणून त्या हसल्या. परीक्षेच्या तोंडावर ती फटही बुजली. शांता यायची थांबली.

मी म्हणालो, "बाई, खोलीसाठी अर्ज लिहू? कारणं भक्कम देतो."

"लिही नं. पण कोणाच्या नावानं? दादाच्या? तो तं रोज ऐकूनच राह्यला."

उन्हाळ्यात कापूस पडत्या भावात गेला. खोली मोकळी झाली, पण मुले पांगली होती. पुढल्या वेचणीला तेथे पुन्हा कापूस आला. बाई चुलीपाशी सरकल्या, त्या शेवटपर्यंत.

आता मजसमोर येणाऱ्या प्रत्येकास मी प्रथम विचारतो, उभ्याने सांगता की बसून. आणि आपल्याच बोलीत सांगा म्हणतो. कागदावर सर्वांत आधी 'प्रति' लिहितो. त्यापुढे कोणाचे नाव घालावे, हे आजवर मला फक्त एकाच, बाईंच्या खोलीच्या अर्जात सुचलेले नाही.