स्टॉकहोममध्ये दादा

लेक नोकरीनिमित्त स्टॉकहोमला असते. मागच्या उन्हाळ्यात मी भंडाऱ्याहून तिच्याकडे गेलो, तेव्हा एक दिवस सुट्टी काढून ती मला शहर दाखवायला निघाली. सकाळी राजवाडा पाहिला, जुन्या वस्तीतल्या दगडी गल्ल्या फिरलो. मग धक्क्यावर आलो. पलीकडच्या बेटावर बोटीनं जायचं होतं.

"तू जा, मी पुलावरून पायी येतो," मी म्हणालो.

"काहून बाबा? दहाच मिनिटं लागते बोटीले."

मी पुलाकडे वळलो. तीही माझ्यासोबत चालत आली.

बेटावरच्या संग्रहालयात एक अख्खं लाकडी जहाज आहे. तीनशेहून अधिक वर्षं पाण्याखाली होतं, मग वर काढलं. आत अंधार आणि गारवा. खालच्या मजल्यावर त्यात बुडालेल्यांचे सांगाडे होते, आणि कवट्यांवरून घडवलेले चेहरे. एका तरुणाच्या चेहऱ्यासमोर मी थांबलो. तेच रुंद कपाळ, त्याच जाड भुवया.

"बाबा, घाम काहून आला तुमाले?"

बाहेर बाकावर बसून मी तिला सांगितलं. तिच्या आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

मला एक मोठा भाऊ होता. आमच्या घरच्या हातमागावर तो साड्या विणायचा. वैनगंगेला पूर आला तेव्हा आम्ही दोघं जवळच्या कारधा गावी काठावर गेलो. वाहून आलेली लाकडं लोक ओढून काढत होते. मीच बोट दाखवलं, "दादा, ते पाह्य, केवढं लाकूड!" त्यानं उडी मारली. लाकडाला त्याचा हात लागलेला मी पाहिला. मग नुसतं लाकूडच दिसलं.

देह सापडला नाही. वडिलांनी दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला. आईनं ते मानलं नाही. नदीवर मासे धरणाऱ्यांना विचारत राहिली. बोट मी दाखवलं होतं, हे तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

लेक माझ्याजवळ सरकली. मग म्हणाली, "नाव काय होतं मोठ्या बाबांचं?"

मी दादाचं नाव सांगितलं. घरात ते नाव कुणी घेत नसे. माझाच आवाज मला परका वाटला.

दादाचा एकही फोटो आमच्याकडे नाही. आता त्याला आठवायला गेलो की काचेमागचा तो परदेशी तरुणच समोर येतो. तेव्हा हुबेहूब वाटला होता. आता खात्री देता येत नाही. खरा चेहरा हरवला आहे.

परवा लेकीचा फोन आला.

"बाबा, आज मी एकटीच गेली होती त्या जहाजाकडे," ती म्हणाली. "मोठ्या बाबाले भेटून आली."