साडू आणि त्यांची वाक्यं

जगातल्या यच्चयावत गोष्टींचा क्रम चुकलेला आहे आणि तो लावून देण्यासाठीच आपला जन्म झाला आहे, असं ठामपणे मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहायचे आणि घरीच इंग्रजीची शिकवणी घ्यायचे. शिकवणी म्हणजे तरी काय, एखादा परिच्छेद घ्यायचा, त्यातलं एकेक वाक्य पाठकोऱ्या लग्नपत्रिकेवर मोठ्या अक्षरात लिहायचं, कात्रीनं पट्ट्या कापायच्या, चांगल्या पिसायच्या आणि मुलांपुढे टाकायच्या. मुलांनी त्या योग्य क्रमानं लावायच्या. कुठं लावायच्या? तर गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर, चिमटे लावून. त्यामुळे त्यांच्या घरी पंचा, परकर आणि इंग्रजी वाक्यं एकाच उन्हात वाळत असत. एकदा वाऱ्यानं एक पट्टी उडाली आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन पडली. काकूंनी ती वर पाठवली, सोबत निरोप होता की तुमचं 'हाउएवर' आमच्याकडे आलं होतं, परत आलं तर तळण्यात जाईल.

मुलांना ते व्याकरण फारसं सांगत नसत. पट्टी हातात घ्यायची आणि तिलाच विचारायचं, बाई गं, तुझ्या आधी कोण आलं होतं? 'ही' आली असेल तर ती कोण ते आधी सांगून झालेलं असलं पाहिजे. 'त्यामुळे' आलं असेल तर कशामुळे ते आधी घडून गेलेलं असलं पाहिजे. "वाक्य एकटं येत नाही, आधीच्याचं बोट धरून येतं," असं ते म्हणत. घोकंपट्टी करून दमलेली मुलं त्या दोरीखाली उभी राहून तावातावानं भांडायची, तेव्हा साडू कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेले असायचे. मुलांचं भांडण रंगलं की त्यांचा चेहरा असा फुलायचा, की जणू घरात बारसं आहे.

ही खोड शिकवणीपुरती राहिली असती तर बरं झालं असतं. सोसायटीच्या सभेत सचिवांनी इतिवृत्त वाचायला घेतलं की हे उभे राहून सांगायचे, "तिसरं वाक्य पहिलं घ्या, म्हणजे पाण्याची टाकी का फुटली ते कळेल." पुढे सचिवांनी सभेची सूचनाच त्यांच्या दाराला लावायची बंद केली. घरातलं वर्तमानपत्र तर कुणाला धड मिळतच नसे. अपघाताची बातमी नीट लिहिलेली नाही म्हणून ती कापून, पुन्हा जुळवून, डिंकानं चिकटवून ठेवलेली असायची. मागच्या पानावरचं शब्दकोडं अर्थातच बळी जायचं, आणि मेहुणी म्हणायची की आमच्याकडे पेपर वाचत नाहीत, त्याची शस्त्रक्रिया करतात. पुढे पुढे हिंजवडीला कामाला जाणारी जुनी विद्यार्थी मंडळी रविवारी आपापल्या ईमेलचे मसुदे घेऊन यायची. त्यातला एक साहेबावर चिडून राजीनामा लिहूनच आला होता. साडूंनी त्याच्याच वाक्यांच्या पट्ट्या कापल्या आणि खालीवर केल्या. दमलो आहे हे आधी घेतलं, आईचं आजारपण मग, आणि साहेबाचं वागणं अगदी शेवटी. ते वाचून दुसऱ्या दिवशी त्या मुलानं राजीनाम्याऐवजी रजेचा अर्ज दिला. तो अजून तिथंच आहे, आणि ऐकतो की आता स्वतः साहेब झाला आहे.

एवढा हाडाचा शिक्षक घरी दोरी बांधून का बसला, शाळेत का नाही, हा प्रश्न अनेकांनी विचारला. त्याचं जे उत्तर कोथरूडमध्ये वर्षानुवर्षं फिरत राहिलं ते खोटं आहे. ते खोटं आहे हे माहीत असलेली माणसं दोनच होती, साडू आणि मी. साडू गेल्या हिवाळ्यात गेले. तेव्हा आता मलाच सांगायला हवं.

साडू शाळेत होते, आणि मी त्याच शाळेचा मुख्याध्यापक होतो. वार्षिक परीक्षेचा इंग्रजीचा पेपर मी काढला होता. त्यात वाक्यं जुळवायचा प्रश्न होता, आणि परिच्छेद मी स्वतः रचला होता याचा मला अभिमानही होता. आजीनं दोन कप चहा केला. ती खिडकीशी जाऊन बसली. फोन वाजला. तिनं एक कप परत पातेल्यात ओतला. म्हणजे येणारा पाहुणा येत नाही असा फोन आला, हे माझं उत्तर. गावठाणातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीनं फोन सगळ्यात आधी घेतला. फोन वाजला, आजीनं दोन कप चहा केला, खिडकीशी बसली, आणि शेवटी एक कप परत ओतला. साडूंनी तिला पूर्ण गुण दिले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "साडूभाऊ, तुमच्या आजीला निदान कळवलं तरी. हिच्या आजीला येतो म्हणाले आणि आलेच नाहीत. दोन्ही आज्या खऱ्या आहेत. हिची जरा जास्तच."

त्या गुणांमुळे मुलीचा पहिला नंबर आला आणि शाळा समितीवरच्या एका गृहस्थांच्या मुलाचा गेला. मुलगी साडूंच्या घरी शिकायला जायची, तेही फुकट, हे गृहस्थांनी शोधून काढलं. समिती बसली. मला सरळ विचारलं गेलं, या प्रश्नाला दुसरं उत्तर संभवतं का? मुख्याध्यापकाला चार ओळींचा परिच्छेद धड रचता आला नाही, हे समितीसमोर कबूल करायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो, उत्तर एकच आहे. साडू माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि समोरची उत्तरपत्रिका मिटून ठेवली. शिकवणीच्या मुलीला गुण वाटले असा ठपका आला, महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली, आणि मुलीचा नंबरही गेला.

पुढे, खरं काय ते सांगून टाकू का, असा विषय मी दोनतीनदा साडूंकडे काढला. आधी म्हणायचे, तुम्ही निवृत्त तर व्हा. निवृत्त झालो तर म्हणाले, आता कशाला, पेन्शन खा निवांत. मला ते सोयीचंच होतं. मेहुणी मात्र आयुष्यभर तो ठपकाच खरा धरून चालली. पैशाची ओढाताण झाली की म्हणायची, यांना मार्क वाटायची हौस, पगार आणायची नाही. पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणायची. साडू हसून शेंगा पुढे करायचे.

परवा तिच्याकडे जाऊन मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "भाऊजी, इतकी वर्षं टोमणे मारले मी त्यांना. ते आता कुणाकडून परत घेऊ?"

मग तीच म्हणाली, "मला एकटीला सांगून काय उपयोग. चारचौघांत गेलंय त्यांचं नाव. चारचौघांत सांगा." म्हणून हे लिहिलं. त्यांनी गुण वाटले नव्हते. त्या मुलीचं उत्तर बरोबर होतं.

मी निघालो तेव्हा मेहुणी दारापर्यंत आली नाही, आणि ते योग्यच होतं. कठड्याला धरून सावकाश खाली उतरलो. साडू असते तर रिक्षापर्यंत आले असते. रिक्षावाल्याला कुठून वळायचं, आधी कुठला चौक, मग कुठला, हे सगळं समजावून सांगितलं असतं आणि रिक्षा वळेपर्यंत उभे राहिले असते. समितीची बैठक संपली त्या संध्याकाळीही ते असेच फाटकापाशी उभे होते. मी रिक्षात बसलो, तर वाकून आत पाहत म्हणाले, "सांभाळून जा, साडूभाऊ. फार दमलात आज."