कुंकू लावून आलेला आरोपी

ती सकाळ मला आजही लख्ख आठवते. तेव्हा मी हडपसरच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. आसपासची गावं नुकतीच शहराच्या हद्दीत आली होती. जमिनींना सोन्याचा भाव आला होता आणि भाऊबंदांची तोंडं एकमेकांकडे होईनात. आदल्या दिवशी अशाच एका गावात बांधावरून भांडण झालं आणि एका म्हाताऱ्याच्या डोक्यात पहार बसली. तो सरकारी दवाखान्यात बेशुद्ध होता. गुन्हा आम्ही खुनाच्या प्रयत्नाचा नोंदवला होता. म्हातारा गेला असता तर तो खुनाचा झाला असता.

गावात विचारलं तर कोणीच काही पाहिलं नव्हतं. अशा वेळी अख्खं गाव नेमकं पाठमोरं उभं असतं.

सकाळची हजेरी संपवून मी तपासाला निघणार, तोच आरोपी आपल्या पायांनी ठाण्यात आला. त्याच्याबरोबर भांडणातल्या दुसऱ्या घराचा कर्ता कारभारी होता. पांढरंशुभ्र धोतर, आवाजात अदब.

"साहेब, ह्यो आमचा जावई, पुतणीचा नवरा. म्हाताऱ्यानं शिवी दिली, ह्याचा हात उठला. कबूल करतोय. पहार कडब्यात लपवलीय, दावतो म्हणतोय. तुमचंबी काम हलकं झालं."

जावई तिशीतला, घरजावई म्हणून तिथंच राहून शेती करणारा. त्यानं खाली बघत मान हलवली.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, पण आरोपीनं लपवलेलं हत्यार पंचांसमोर काढून दिलं तर ते टिकतं. कारभाऱ्याला हे कोणीतरी नीट समजावलेलं दिसलं, कारण पंच म्हणून उभी राहायला दोन माणसंही त्यानं बरोबर आणली होती. इतकी तयार केस मला नोकरीत कधी कोणी ताटात वाढून दिली नव्हती. मला त्याचीच धास्ती वाटली.

थोड्या वेळानं वरिष्ठांचा फोन आला. गावातून त्यांच्यापर्यंत कोणीतरी पोचलं होतं. "कबुली आहे, हत्यार मिळतंय. आता कशासाठी थांबलात, मुहूर्तासाठी? आज पंचनामा उरकून घ्या." मी "होय सर" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दवाखान्यात बसवलेला शिपाई मधूनमधून फोन करत होता. म्हातारा शुद्धीवर येत नव्हता. घंटी वाजली की हातातलं काम टाकून मी आधी फोन उचलायचो. समोर बाकावर बसलेल्या माणसाचं काय होणार, हे त्या फोनवर अवलंबून होतं आणि तो मात्र शांत होता.

हवालदार त्याची अंगझडती घेत असताना त्याच्या कपाळाकडे माझं लक्ष गेलं. कुंकू होतं आणि त्यात तांदळाचे दाणे चिकटलेले होते. कोणाचं डोकं फोडून आलेल्या नवऱ्याला बायको ओवाळत नाही. ती रडते, भांडते, फार तर भाकरी बांधून देते. ओवाळतात ते घरासाठी काही करायला निघालेल्या माणसाला. गावानं पहार, पंच, जबाब, सगळं जुळवलं होतं, पण घरातल्या बाईला रीत काही मोडवली नव्हती.

मी कारभाऱ्याला बाहेर बसवलं, दार लोटलं आणि जावयासाठी चहा मागवला.

"सकाळी ओवाळलं कोणी?"

"मंडळीनं," तो बोलून गेला आणि चपापला.

"कशाबद्दल?"

त्यानं कपाळावरचं कुंकू पुसायला हात नेला. मी आवाज चढवला नाही. "म्हातारा गेला तर जन्मठेप लागेल. ठाऊक आहे?"

"ठाव हाय साहेब." त्यानं चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "रात्री देवळात बसून ठरलंय. माझ्यामागं कोण न्हाई. मी आत गेलो तर कारभारी काका मंडळीच्या बापाची जमीन तिच्या नावावर करून देणार हायेत. पोरींचं भागंल."

"तिचे आईवडील?"

"दोघंबी वारले. ती एकुलती. म्हणून तर मी घरजावई."

"जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही दिलीय तिनं?"

"न्हाई. कुणी मागितली बी न्हाई."

"मग बाप गेला त्या दिवसापासून ती जमीन तिचीच आहे. कायद्यानं. ते देणार म्हणतात ते त्यांचं नाहीच."

त्यानं पहिल्यांदाच मान वर केली. "मग काका मला काय देणार हुते?"

"तुझंच तुला. आणि बदल्यात तुझा जन्म."

तो ओक्साबोक्शी रडला. मग सगळं सांगितलं. पहार कारभाऱ्याच्या मुलानं घातली होती. मी पंचनामा केला, पण तो त्या मुलाच्या घराच्या झडतीचा. पंच दुसऱ्या गावचे नेले. रक्ताचा शर्ट मोरीत भिजत घातलेला सापडला. पुढे म्हातारा शुद्धीवर आला आणि त्यानंही त्याच मुलाचं नाव घेतलं. वरिष्ठ माझ्याशी बरेच दिवस कामापुरतं बोलले.

घरजावई सुटला. मला फार बरं वाटलं होतं. मग एक दिवस त्याची बायको ठाण्यात आली, डोक्यावरचा पदर घट्ट धरून.

"साहेब, आपण ह्यांना सांगितलंत, जमीन माझी हाय. मी तलाठ्याकडं गेले. तो म्हणला, कारभाऱ्याला घेऊन ये, मग नोंद करू. आता मी कुणाला नेऊ?"

'ही दिवाणी बाब आहे, पोलिसांचा संबंध नाही,' हे वाक्य आम्हाला पाठ असतं. ते जिभेवर आलं होतं. मी टोपी घातली आणि तिच्याबरोबर गेलो.

तलाठी उठून उभा राहिला. माझ्यासाठी खुर्ची पुसली, चहा सांगितला. मी म्हणालो, "काम यांचं आहे." त्यानं तिचा अर्ज घेतला, वारस म्हणून नाव लावायचं काम त्याच बैठकीत सुरू केलं आणि सगळा वेळ माझ्याशीच बोलत राहिला. कारभाऱ्याची त्याला आठवणही झाली नाही.

परत येताना ती हात जोडून रडत होती, आणि मला मात्र आत कुठेतरी भीती वाटत होती. कायदा बदललेला नव्हता. तो आदल्या दिवशीही तिच्याच बाजूनं होता. बदललं होतं ते एवढंच की तिच्या शेजारी कारभाऱ्याऐवजी मी उभा होतो. देवळात बसून जावयाचा जन्म ठरवणारे आणि वर्दीच्या जोरावर तिचं नाव लावून घेणारा मी, यांत फरक आहे असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. फरक आहेच. पण त्यातला कायदा किती आणि टोपी किती, हे मला आजही सांगता येत नाही.

त्याच वर्षी माझी बदली झाली. तलाठी मात्र तिथं तोच राहिला आणि तिच्या शेजारी आता मी नव्हतो.