अल नहदातलं बोरूचं घर

अख्ख्या शारजात सुमेरियनांचा एकच वंशज शिल्लक होता. तो अल नहदा भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचा आणि मूळचा कोथरूडचा होता. हे समोरचे काका नोकरीनं एसीच्या डक्टचे ड्राफ्ट्समन, पण मनानं चार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या इराकमधल्या उर शहराचे रहिवासी. ते बोटांवर मोजत नसत, पेरांवर मोजत. एका हाताची बारा पेरं, दुसऱ्या हाताची पाच बोटं, झाले साठ. रोल्लाच्या बाजारात भाजीवाला लिंबं मोजायला लागला की काकांचा अंगठा त्याच्या आधी करंगळीच्या टोकाला पोचलेला असे. "घड्याळात साठ मिनिटं कुणी घातली, सांग बघू? स्वित्झर्लंडनं?" असं ते लिफ्टमध्ये अनोळखी माणसालाही विचारत. नाश्त्याला जवाची भाकरी, कांदा आणि खजूर. काकू सुस्कारा सोडून म्हणत, "मला बघायला आला तेव्हा हा माणूस पोहे खात होता गं!" माझ्या लेकीच्या, रेवाच्या वाढदिवसाला त्यांनी मातीच्या ओल्या वडीवर बोरू टोचून तिचं नाव सुमेरियन लिपीत लिहिलं आणि ओव्हनमध्ये भाजून आणलं. एका पाहुण्यानं ते खारी समजून चहात बुडवलं. "तिकडे सुमेरियन शाळेत अक्षर वाईट आलं की पोरांना छडी बसायची," काका रेवाला कौतुकानं सांगत होते, आणि ती म्हणाली, "काका, दॅट्स सो इल्लीगल!"

गेल्या दिवाळीत आमच्या इथल्या मराठी मंडळानं मुलांची किल्ल्यांची स्पर्धा ठेवली, तेव्हा काकांनी जाहीर केलं की आमच्या बिल्डिंगची मुलं सुमेरियनांचं, ज्याची लेखणी करतात त्या बोरूच्या काड्यांचं घर बांधतील. खेळण्यातलं नव्हे, आत बसता येईल एवढं. मंडळाच्या सेक्रेटरींचा लगेच फोन आला. "किल्ला म्हणजे किल्ला हो, हे कुठलं काढलंत?" बरीच घासाघीस होऊन आमची नोंद 'इतर' या सदरात झाली. त्या सदरात आम्ही एकटेच. मी काकांना म्हटलं, कशाला हट्ट करता? तर ते एकदम हळू आवाजात म्हणाले, "डिसेंबरात रिटायर होतोय. तीस वर्षं मी इथल्या टॉवरांच्या छतात डक्ट काढले. एक तरी दिसतो का कुणाला? माझं काहीतरी उभं राहिलेलं लोकांनी एकदा बघावं, बस."

मग मात्र आम्ही सगळेच कामाला लागलो. ओळखीच्या एका शेतावरून काकांनी गाडीच्या टपावर बांधून बोरू आणले. वॉचमनला मस्का लावून बिल्डिंगमागची रेतीची जागा मिळवली. बोरूच्या जाड मोळ्या समोरासमोर रोवायच्या आणि वर वाकवून कमानी करायच्या, असा बेत होता. स्पर्धेच्या आदल्या दुपारी पहिली कमान उभी राहिली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्याबरोबर पडली. दुसरी पडली. तिसरी पडली ती थेट काकांच्या अंगावर. काका रेतीतच बसून राहिले.

"ला, ला, ला!"

तळमजल्यावरच्या इराकी डॉक्टरांची आई खिडकीतून 'नाही, नाही' असा हात हलवत होती. मुलाकडे येऊन तिला वर्ष झालं होतं, पण ती कधी घराबाहेर पडलेली कुणी पाहिली नव्हती. अबाया सावरत, घरातल्याच चपला घालून ती बाहेर आली आणि तिनं आमच्या सगळ्या गाठी सोडून टाकल्या! काका ओरडणार होते, पण तिनं बोरूवर हात ठेवला आणि म्हणाली, "कसब." अरबीत बोरूला तोच शब्द आहे म्हणे. पण पुढचे दोन तास आम्ही बघत होतो ते अस्सल मराठीतलं कसबच होतं. तिनं खड्डे तिरके खणायला लावले. मोळ्या आधी बाहेरच्या बाजूला कलत्या रोवल्या आणि मग आत ओढून एकमेकींना बांधल्या. त्या ताणानंच कमान ताठ उभी राहिली. "यल्ला!" ती ओरडे आणि तीस वर्षांचा अनुभव असलेले आमचे ड्राफ्ट्समन दोरी घेऊन पळत. अंधार पडायच्या आत पाच कमानी उभ्या होत्या, त्यांवर चटया चढल्या होत्या, आणि काका त्यांना लोंबकळून खात्री करून घेत होते.

दुसऱ्या दिवशी सगळे किल्ले सोडून अख्खं अल नहदा आमच्याकडे लोटलं. डॉक्टरांची आई, आता सगळ्यांच्या आजीबाई, आत मधोमध बसल्या होत्या. परीक्षकांना त्यांनी हाताला धरून खाली बसवलं, खजूर दिले, चहा पाजला. सेक्रेटरी तीन वेळा आत जाऊन आले. 'इतर'मध्ये पहिला नंबर आमचा, आणि सगळ्यांत मिळूनही पहिला नंबर आमचाच! मुलांनी काकांना उचललं. खाली उतरल्यावर काकांनी बक्षिसाचा कप नेऊन आजीबाईंच्या मांडीवर ठेवला. त्या काहीतरी पुटपुटल्या. डॉक्टरांनी इथे शिकलेल्या हिंदीत सांगितलं, "उर के पास दलदल में हमारा गाँव था। नाना का ऐसा ही घर था, मेहमानों के लिए। पानी सूख गया तो सब छूट गया।"

काका माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "मी हिला पाच हजार वर्षं मागे शोधत होतो गं. आणि ही तळमजल्यावर राहत होती."

आठवड्यानं ती जागा मोकळी करून द्यावी लागली. डिसेंबरात काका-काकूही पुण्याला परत गेले. अजून शुक्रवारी त्यांचा पुण्याहून फोन येतो. आमची खुशाली राहते बाजूला, आधी विचारतात, "आजी खाली येतात का?" मी सांगते, येतात, रोज संध्याकाळी बाकावर बसतात, बायका भोवती जमतात. काका "बरं, बरं" म्हणतात. मग पलीकडे काकूंना मोठ्यानं सांगताना ऐकू येतं, "अगं, येतात, रोज येतात!"